कोकण किनाऱ्यावर फरार प्रेमी जोडप्याचा कमी खर्चाचा चित्रपट करायचाय. गाड्यांच्या पाठलागाशिवाय ताण कसा आणावा?

त्यांना खाडीवर अडवा. पाठलागापेक्षा फेरीबोटीची वाट पाहणं जास्त जीवघेणं दिसेल. टेरेन्स मॅलिक यांच्या १९७३ च्या ‘बॅडलँड्स’ चित्रपटातल्या, खून करून पळणाऱ्या जोडीपुढे अमेरिकेतली मोकळी माळरानं आहेत, गाडी हवी तिकडे वळते. आपल्याकडे किनाऱ्याचा रस्ता काही गावं गेली की पाण्यापाशी संपतो. मी गुहागरचा, दापोलीकडे जाताना धोपावे-दाभोळ फेरीनेच वाशिष्ठी ओलांडतो. बोट पलीकडे असली की इंजिन बंद करून धक्क्यावर उभं राहायचं, आणि तेवढ्यात शेजारचा कुणीतरी विचारतोच, “कोणाकडचे तुम्ही?” फरार माणसाला यापेक्षा अवघड प्रश्न नाही! तवसाळ-जयगड, वेश्वी-बागमांडला, सगळीकडे तीच गत. ‘बॅडलँड्स’मधून एक गोष्ट मात्र जरूर घ्या: कथा मुलीच्या आवाजात आहे आणि ती खुनांबद्दलही रोजनिशी वाचावी तशी सपाट बोलते. अंगावर येतं ते तेच. फक्त शेवटी दोघांना ट्रॉलरने पळवणार असाल तर पावसाळ्याची सुरुवात टाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, एकटी निघालेली बोट लगेच नजरेत येईल.