वहीतला समास टॅबवर कसा न्यायचा?

"वहीत लिहिलेलं लक्षात राहायचं. टॅबवर सगळं सेव्ह आहे, पण आठवत काहीच नाही." नागपुरात अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका मुलीची ही तक्रार. आपली बुद्धीच मंदावली, अशी धास्ती तिने घेतली होती. ही धास्ती घेऊन बरीच मुलं येतात.

टॅब उघडला. वहीच्या पानांचे चारशेवर फोटो, नावं 'स्कॅन १७', 'नवीन २'. बाकी पीडीएफमधून उचलून चिकटवलेले उतारे. बुद्धीचा दोष नव्हताच. हाताचा वेग कमी, त्यामुळे लिहिताना काय घ्यायचं नि काय सोडायचं हे ठरवावंच लागतं. चिकटवताना ते ठरवणंच राहून जातं.

तिच्या जुन्या वहीत डाव्या समासात लाल पेनाने प्रश्न होते. टॅबवर पानं आली, समास मागेच राहिला! कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात रुळवलेली पद्धत याच जातीची: डावीकडे सुमारे ६ सेंटिमीटरचा प्रश्नांचा रकाना, उजवीकडे टिपणं, तळाला सारांश.

म्हणून गूगल डॉक्समध्ये दोन रकान्यांचा तक्ता करायला सांगितला. उजवीकडे, पीडीएफ बंद करून, स्वतःच्या शब्दांत: 'नागपूर करार, २८ सप्टेंबर १९५३. विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन नागपुरात.' डावीकडे त्याच रात्री प्रश्न: 'हिवाळी अधिवेशन नागपुरात का?' तारीख, तरतूद नंतर पडताळायची.

हेच प्रश्न आंकीमध्ये. पुढे प्रश्न, मागे उत्तर अशी कार्डं उजळणीला देणारं हे ॲप. एका कार्डावर एकच मुद्दा. ॲप मुळात रोज २० नवी कार्डं देतं. तिला ८ ठरवून दिली. आजचं कार्ड उजळणीला पुन्हा पुन्हा येतं, त्यामुळे २० घेतली की काही आठवड्यांत रोजचा ढीग शंभरावर जातो आणि मुलं ॲपच काढून टाकतात.

जुन्या वह्या टाइप करत बसू नये, वेळ जातो. फोटो पुरे, पण नाव नीट हवं: 'राज्यव्यवस्था-राज्यपाल-वही३-पान४२'. मराठी हस्ताक्षरातला शोध भरवशाचा नसतो. नकाशे कागदावरच. उत्तरलेखनही, मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, तिथे पेनच चालवायचा आहे.

पहिल्या आठवड्यात ती रडकुंडीला आली, तासाला जेमतेम तीन पानं होत होती. मग जुन्या वहीवरच्या तारखा मोजून पाहिल्या. तेव्हाही वेग तेवढाच होता.