रकाना रिकामा राहू दे

प्रिय सिस्टर,

परवा फोनवर निम्मा वेळ तू रडत होतीस आणि निम्मा वेळ रेंज नव्हती, म्हणून हे पत्र. रुजू झाल्यानंतरची पहिलीच मासिक सभा आणि सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, "तुमच्या उपकेंद्राचा आकडा सगळ्यात खाली." आधी त्याचंच बोलू.

बीडच्या डोंगरपट्ट्यातलं तुझं आरोग्य उपकेंद्र. कागदावर लोकसंख्या ५०००. जन्मदर हजारी १६ धरला की वर्षाला ८० जन्म, त्यावर दहा टक्के वाढवले की ८८ गरोदर बायांची नोंदणी तुझ्याकडून अपेक्षित. गणित बरोबर आहे. पण दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली बिऱ्हाडं ऊसतोडीला साखर कारखान्यांवर जातात, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. तिथे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे बाईला पाचवा महिना असो की सातवा, ती जातेच. तान्ही लेकरंही सोबत. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपेपर्यंत, ती तुझ्या गावात नसते, तुझ्या उद्दिष्टात मात्र असते.

अशा वेळी कोणीतरी हळूच सांगेल, "भरून टाक गं, सगळ्याच भरतात." भरू नकोस. नीतीपाठ द्यायला मी काही कीर्तनकार नाही, हा सरळ व्यवहार आहे. पेंटाचा, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा, पहिला डोस खोटा लिहिलास की महिन्याभरानं दुसरा लिहावा लागतो, मग तिसरा, मग नऊ महिन्यांचा गोवर-रुबेला. वर्षभर त्या कागदी बाळाला तूच पोसत बसतेस. आणि खरं बाळ कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, गोवरानं फणफणलं की चौकशीला आलेले लोक आधी तुझं रजिस्टर मागतात. रात्रीच्या बाळंतपणांनी सिस्टर लोकांची झोप उडते ती एका रात्रीपुरती. खोट्या नोंदीनं उडालेली झोप मी वर्षानुवर्षं परत न आलेली पाहिली आहे. रकाना रिकामा असेल तर रिकामा राहू दे, शेजारी कारण लिही.

कारण लिहायला मात्र तयारी लागते. दसऱ्याच्या आधीच एक वही कर. कुटुंबाचं नाव, घरात गरोदर बाई किंवा पाच वर्षांखालचं मूल, मुकादमाचा मोबाइल, कारखान्याचं नाव, निघायची तारीख. कोणाची उचल झाली, कोणाची टोळी कधी निघणार हे आशाताईंना तलाठ्याच्या आधी ठाऊक असतं, त्यांना विचार. निघण्यापूर्वी जे डोस देय असतील ते देऊन टाक. माता-बाल संरक्षण कार्डावर पुढची तारीख ठळक लिही आणि कार्ड घरातल्या पेटीत न ठेवता बाईच्या पिशवीत जातंय ना, ते डोळ्यांनी बघ. मग सभेला जाण्याआधी त्या वहीचा एक पानी गोषवारा वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. "आकडा का कमी?" याला "ही स्थलांतरितांची यादी" असं उत्तर असलं की बहुतेक वेळा आवाज खाली येतो. नाही आला तरी पोच तुझ्याजवळ आहे.

एका बाळासाठी पाच डोसांची गोवर-रुबेलाची बाटली फोडू का, असं तू विचारलंस. फोड. उरलेले चार डोस नासाडीत लिही. मिसळल्यावर चार तासांनी ती टाकायचीच असते, आणि एकासाठीही उघडावी हाच नियम आहे. नासाडीच्या भीतीनं परत पाठवलेली आई पुढच्या सत्राला येतेच असं नाही.

लस दिल्यावर ताप आला म्हणून भांडायला येणाऱ्यांचं: ताप येईल हे सुई टोचण्याआधी सांगायचं. कोणती लस, काय होऊ शकतं, पुढची तारीख कधी, कार्ड जपून ठेवा, या चार गोष्टी. आणि अर्धा तास बसवून ठेवायचं. आधी सांगितलेला ताप हा सिस्टरचा सल्ला ठरतो, न सांगितलेला सिस्टरचा गुन्हा. तरी कोणी अंगावर धावून आलंच तर आधी तिथून निघ. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानं आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण हे त्या क्षणी, जमावापुढे ऐकवायचं नसतं.

आता अवघड गोष्ट. कधी ना कधी तुझ्या हद्दीतली एखादी आई दगावेल. तेव्हा घाबरून कोणाला काय सांगायचं ते ठरवत बसू नकोस. त्याच रात्री, डोळे कोरडे नसले तरी, घड्याळाचे आकडे लिहून काढ: कळा कधी सुरू झाल्या, घरच्यांनी न्यायचं कधी ठरवलं, १०८ ला फोन कधी लागला, गाडी कधी आली, दवाखान्यात कधी पोचली, डॉक्टरांनी कधी हात लावला. ठरवायला, पोचायला आणि उपचार मिळायला, अशा तीन ठिकाणी उशीर होतो आणि मातामृत्यूच्या अन्वेषणात तेच शोधतात. दोष कोणाचा हे शोधणं हा त्याचा हेतू नाही, असं कागदावर तरी आहे. प्रत्यक्षात सगळ्यात खालच्या पायरीवर बोट दाखवायची घाई असते, म्हणून तुझ्या वेळा तुझ्याजवळ हव्यात. शिवाय लिहून झालं की उशीर नेमका कुठे झाला ते तुला स्वतःला दिसतं. नाहीतर सगळाच उशीर आपला वाटत राहतो.

गृहभेटीला एकटी जाताना कोणी त्रास दिला, किंवा वरिष्ठांपैकी कोणी दिला, तरी नोंद त्याच दिवशी. राजस्थानातल्या भंवरीदेवी सरकारच्या योजनेत गावपातळीवर काम करणाऱ्या साथिन होत्या. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला. त्या लढ्यातून १९९७ ची सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि पुढे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. त्यात कामासाठी जिथे जातेस ती वस्ती, आणि नोकरीतून मिळालेली गाडीसुद्धा, कामाचं ठिकाण धरली आहे. कार्यालयात समिती नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रारीची मुदत तीन महिने. बालविवाह आपल्याकडेही आहेत, तेव्हा हे दूरचं समजू नकोस.

झोप लागेनाशी झाली, सकाळी उपकेंद्राचं कुलूप उघडावंसं वाटेना, तर १४४१६ वर फोन कर. टेली-मानस, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. तुझ्या रजिस्टरात याची नोंद होत नाही.

राहिली सुई. वापरलेली टोचली तर बोट पिळायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि लगेच अधिकाऱ्यांना सांगायचं. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं शक्यतो दोन तासांत, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. लाजून दुसरा दिवस उजाडू देणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. आणि तुझे हेपॅटायटिस बीचे तिन्ही डोस पूर्ण झालेत का? पुढच्या फोनला आधी ते सांग, मग बाकीचं बोलू.

तुझी,
निवृत्त आरोग्य सहाय्यिका