मार्जिन गेलं कुठे?

प्रश्न : मी ऐरोलीची, इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या सेमिस्टरला गेन मार्जिन, फेज मार्जिन (कंट्रोल लूप अस्थिर होण्याआधी गेन किती वाढू शकतो, फेज किती मागे पडू शकतो) घोटून घेतलं. आता स्टेट-स्पेसमध्ये (सिस्टिमची स्थिती सांगणाऱ्या राशी, म्हणजे स्टेट, मॅट्रिक्सने मांडायची पद्धत) सगळा भर त्या मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यूंवर, म्हणजे लूपच्या पोलवर. त्या संमिश्र प्रतलाच्या डाव्या अर्ध्यात आल्या की झालं का? आणि एलक्यूआरला (स्टेटवरून इष्टतम फीडबॅक देणारा कंट्रोलर) 60 अंश फेज मार्जिन मिळतंच, हे खरं?

उत्तर : डाव्या अर्ध्यात आल्या म्हणजे लूप स्थिर आहे, एवढंच. एक लूप घ्या : पोल (ट्रान्स्फर फंक्शनच्या छेदाची मुळं) 0, −1 आणि −2 वर, वर अंशात गेन 1. लूप बंद केला की एक आयगेन व्हॅल्यू −2.32 ला येते, उरलेली जोडी −0.34 ± 0.56 ला (दुसरा आकडा काल्पनिक). आता गेन वाढवत न्या. जोडी उजवीकडे सरकत सरकत गेन 6 ला बरोबर काल्पनिक अक्षावर, ±1.41 ला, जाऊन बसते. हेच ते गेन मार्जिन : 6 पट, म्हणजे 15.6 डेसिबल. फेज मार्जिन येतं 53 अंश आणि त्या जोडीचं डॅम्पिंग (झोके किती लवकर विरतात ते) 0.51. फेज मार्जिनला शंभराने भागलं की डॅम्पिंग, हा जुना ठोकताळा इथे छान जुळतो, सगळीकडे जुळेल असं नाही.

याच लूपमध्ये 2 सेकंदांचा निव्वळ विलंब घुसला की फेज मागे पडतो आणि ते 53 अंश जवळजवळ संपतात. रबाळ्याला एका कारखान्यात हे मी भोगलंय. शटडाउनमध्ये कुणीतरी भांड्याभोवतीच्या जॅकेटचा आरटीडी (तापमान मोजणारा सेन्सर) उचलून रिटर्न लाइनवर लांब बसवला, म्हणजे लूपमध्ये विलंब आला. ट्यूनिंग तेच, फाइलमधल्या आयगेन व्हॅल्यू त्याच, आणि रात्रपाळीत तापमान हंटिंग करायला, सारखं वर-खाली झुलायला लागलं! पहाटेपर्यंत आम्ही बिचाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हलाच दोष देत होतो.

एलक्यूआरचं म्हणाल तर खरं आहे. सगळे स्टेट मोजता येत असतील तर किमान 60 अंश मिळतात, आणि गेन निम्म्यावर आला किंवा कितीही वाढला तरी लूप टिकतो. पण कालमन फिल्टर (मोजमापांवरून स्टेटचा अंदाज काढणारा) जोडून अंदाजी स्टेटवर चालवलंत की ती हमी उडाली. कंट्रोलचे अभ्यासक जॉन डॉइल यांनी 1978 मध्ये अवघ्या दोन स्टेटच्या उदाहरणात दाखवलं : आयगेन व्हॅल्यू सगळ्या डावीकडे, मार्जिन मात्र हवं तितकं बारीक.

म्हणून फिल्टर जोडल्यावर लूप प्लांटच्या इनपुटपाशी तोडा आणि बोडे आलेख (वारंवारतेप्रमाणे गेन आणि फेज) पुन्हा काढून मार्जिन बघा. तुमच्याकडे मॅटलॅब आहे. आम्ही या आलेखासाठी ठाणे स्टेशनाजवळून सेमी-लॉग कागद सुटे आणायचो, आणि एक फाटला की जीव जायचा.