सात्या उपटण्याआधी

आषाढ-श्रावणात धुऱ्यावरच्या वारुळाशी सात्या, म्हणजे वाळवीच्या वारुळावर उगवणारी खायची अळंबी, निघाल्या की नुसता फोटो काढून मोकळा होऊ नको. वरून तोडलीस तर अर्धी वस्तू मातीतच राहील. खुरप्यानं हळू खण. मोठ्या सात्यांचा देठ मुळासारखा लांबत वाळवीच्या घरट्यापर्यंत जातो. वाळवीच ही बुरशी पोसते ना!

वास, रंग, शेजारचं झाड तिथंच लिही. वाळल्यावर सगळ्या सारख्याच तपकिरी दिसतात. गावातली म्हातारी जे नाव सांगेल तेही तिच्याच शब्दांत टिपून ठेव.

घरी आल्यावर देठ कापून छत्री कागदावर पालथी ठेव. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा. वर वाटी झाक. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला असेल. सात्यांचा गुलाबीसर येतो. हिरवट आला तर ती विषारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस असू शकते, भाजीत जायला नको. मी एकदा ठशाचा कंटाळा केला आणि वर्षभर चुकीच्या नावाची चिठ्ठी डबीत सांभाळत बसलो.

नमुना मंद उष्णतेवर वाळव, चुलीवर नाही. डीएनएसाठी छोटा तुकडा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये वेगळा ठेव. डीएनएमधला आयटीएस हा भाग २०१२ पासून बुरशींचा बारकोड, म्हणजे ओळखखूण, मानला जातो. जेनबँक या डीएनए नोंदींच्या जागतिक साठ्यात तो जुळवून बघ, पण तिथलीही काही नावं चुकलेली असतात. परदेशी अभ्यासकाला नमुना पाठवायची घाई नको. २००२ चा जैवविविधता कायदा आड येतो, परवानगी लागते. पुण्याच्या आघारकर संस्थेत बुरशींचा संग्रह आहे, आधी तिथं विचार.