उडी तीन बाइट मागे का पडते?

प्रश्न : मी एका छोट्या भाषेचा कंपायलर लिहीत असून तो जावाच्या क्लास फाइल (भाषांतरित कोडच्या फाइल) तयार करतो. मेथडची सुरुवात ‘एसआयपुश’ या ३ बाइटच्या सूचनेने (यंत्राला दिलेल्या आदेशाने) होते. लूपच्या शेवटी, १९ या पत्त्यावर, ‘गोटू’ ही उडीची सूचना आहे व तिने ४ वर परतायला हवे. परंतु क्लास फाइल उलगडून दाखवणारे साधन ‘जावापी’ उडीचे लक्ष्य १ दाखवते आणि जेव्हीएम (जावाचे प्रोग्राम चालवणारे आभासी यंत्र) तो क्लास नाकारते. प्रत्येक उडीच्या अंतरात ३ मिळवल्यावर लूप सुरळीत झाला, मात्र अनेक पर्यायांपैकी एकाकडे उडी मारणाऱ्या ‘टेबलस्विच’च्या उड्या अजूनही चुकतात. असे का?

उत्तर : जेव्हीएममध्ये उडीचे अंतर त्या उडीच्या ऑपकोडच्या (सूचनेचा प्रकार सांगणाऱ्या पहिल्या बाइटच्या) पत्त्यापासून मोजतात, पुढील सूचनेपासून नव्हे. म्हणून येथे ४ वजा १९, म्हणजे उणे १५ लिहायला हवे. ‘गोटू’ ३ बाइटचे असल्यामुळे पुढील सूचना २२ वर येते. आपला कंपायलर तेथून मोजून उणे १८ लिहीत असावा. पायथनचा बाइटकोड आणि इंटेलचे प्रोसेसर पुढील सूचनेपासूनच मोजतात, त्यामुळे तेथून आलेल्यांची ही गफलत नेहमीची आहे. ‘एसआयपुश’ ० ते २ हे पत्ते व्यापत असल्याने १ हा पत्ता सूचनेच्या पोटात पडतो आणि व्हेरिफायर (कोड चालण्याआधी तो तपासणारा जेव्हीएमचा भाग) तो नाकारतो. हे बरेच झाले. तेथे एखादी सूचना सुरू होत असती, तर प्रोग्राम निमूटपणे चुकीचा चालण्याची भीती होती.

३ मिळवण्याचा उपाय मात्र काढून टाका. ‘टेबलस्विच’ची लांबी ठरावीक नसते, म्हणून ३ ची भरपाई तेथे लागू पडत नाही: पर्यायांच्या संख्येखेरीज, ऑपकोडनंतरची माहिती मेथडच्या आरंभापासून ४ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर यावी म्हणून मध्ये ० ते ३ भरीचे बाइट घालावे लागतात. त्यातील सर्व अंतरेही ‘टेबलस्विच’च्या ऑपकोडपासूनच मोजायची असतात. आधीच्या कोडमध्ये एक बाइट वाढला तरी भर बदलते. तेव्हा सूचनांच्या लांबी पक्क्या झाल्यावरच अंतरे काढावीत.

पुढे जाणाऱ्या उडीचे अंतर लक्ष्य कळल्यावर नंतर भरताना ऑपकोडचा पत्ता जपून ठेवावा. चुकून अंतराच्या बाइटचा पत्ता वजा केल्यास उडी १ बाइट मागे पडते. ‘गोटू’ व अटीच्या उडीतील अंतराच्या दोन बाइटांत उणे ३२७६८ ते ३२७६७ एवढेच अंतर मावते. त्यापलीकडे ५ बाइटचे ‘गोटू डब्ल्यू’ वापरावे लागते. अटीच्या उडीला असा लांब प्रकार नसल्यामुळे अट उलटी करून लगेच पुढे ‘गोटू डब्ल्यू’ ठेवतात, आणि त्याला ओलांडणाऱ्या उलट्या उडीचे अंतर ८ येते.