वाचकांचे प्रश्न : शिरोलीचा कंटेनर न्हावा शेवालाच का जातो?

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेलो होतो की कोल्हापूरच्या धंद्याचं अर्धं नशीब बंदरावर ठरतं, आणि त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. मी वीसेक वर्षं गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीच्या डिस्पॅचमध्ये काढली, त्यामुळं हा विषय निघाला की मला थांबता येत नाही, सांभाळून घ्या.

आपल्याकडं समुद्र नाही. बंदर चाललं काय नि बंद पडलं काय, आमच्यासारख्या शेतकऱ्याला काय फरक पडतो? — एक वाचक, कागल

काका, उसाला पोटॅश टाकता ना? ते तांबूस दाणे असतात बघा, एमओपी लिहिलेल्या पोत्यातले. त्यातला एक दाणासुद्धा आपल्या देशात निघत नाही. सगळं पोटॅश बाहेरनं येतं, कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल अशा देशांतनं. जहाजात ते सुटंच भरलेलं असतं, बंदरावर उतरतं, तिथं पोत्यात भरतात, मग रेल्वेच्या रेकनं जिल्ह्याला येतं आणि तिथनं तुमच्या सोसायटीच्या गोडाऊनला. ट्रॅक्टरमधलं डिझेलही तसंच, आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांच्या वर बाहेरनं येतं. देशाचा परदेशाशी जेवढा व्यापार होतो त्यातला वजनानं बघितला तर सुमारे ९५ टक्के आणि किमतीनं बघितला तर सुमारे ७० टक्के माल समुद्रानं जातो-येतो. सोनं, औषधं, मोबाइलचे भाग असलं हलकं आणि महाग ते विमानानं जातं, बाकी सगळं जहाज. तेव्हा तिकडं जहाज अडलं की ऐन लागणीच्या टायमाला "पोटॅश शिल्लक नाही" ही पाटी तुमच्याच गावात लागते.

आमचे कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) युरोपला जातात. रत्नागिरी इथनं सव्वाशे-दीडशे किलोमीटर, तरी कंटेनर चारशे किलोमीटर लांब न्हावा शेवाला का पाठवायचा? भाड्यातच सगळं जातंय. — एक उद्योजक, शिरोली

भावा, हा प्रश्न मी स्वतः किती वेळा आमच्या मालकांना विचारला असेल आणि किती वेळा त्यांनी मला विचारला असेल, हिशेब नाही. जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे कंटेनरची जहाजं एसटीसारखी असतात. ठरलेला रूट, ठरलेला वार. कंपनी जहाज तिथंच आणते जिथं एका फेरीत हजारो डबे, म्हणजे कंटेनर, चढायला आणि उतरायला मिळतील. मुंबईजवळचं न्हावा शेवा बंदर १९८९ ला सुरू झालं आणि आज वर्षाला साठ लाखांच्या वर डबे तिथनं हलतात (हे वीस फुटी डब्याच्या मापात, चाळीस फुटी असला की तो दोन धरतात). पुणे, नाशिक, गुजरात, पार दिल्लीपर्यंतचा माल तिथं येतो म्हणून जहाजं येतात आणि जहाजं येतात म्हणून माल तिथं जातो. तू म्हणतोस त्या रत्नागिरीकडं जयगडला बंदर चांगलं खोल आहे, पण तिथं मुख्यतः कोळसा, लोहखनिज असला सुटा माल. आपल्या जिल्ह्याचे डबे एकट्यानं जहाज बोलावण्याएवढे होत नाहीत.

दुसरी गोष्ट फॅक्टरीबाहेरच्या लोकांना माहीतच नसते, ती म्हणजे रिकामा डबा. कंटेनर आपला नसतो, शिपिंग लाइनचा असतो, आणि तो पडलेला असतो बंदराजवळच्या यार्डात. आपण माल पाठवतो भरपूर पण कंटेनरनं मागवतो कमी, म्हणून इथं रिकामे डबे साठतच नाहीत. मग ट्रेलर तिकडनं रिकामा डबा घेऊन वर येणार आणि भरून परत खाली जाणार. म्हणजे तू चारशे म्हणतोस ते खरं आठशे किलोमीटरचं भाडं असतं. त्यात कास्टिंग वजनदार, वीस फुटी डब्यात साधारण २७-२८ टन बसतात आणि तेवढ्यात डबा अर्धाही भरलेला दिसत नाही, वरची सगळी जागा हवा. त्यात रस्त्यावरच्या वजनाचा नियम आडवा आला की तेवढंही भरता येत नाही.

तिसरी गोष्ट घाट. आंबा घाट, गगनबावडा, फोंडा, पावसाळ्यात कुठं दरड येईल सांगता येत नाही, आणि चाळीस फुटी ट्रेलर त्या वळणांवर नेणाऱ्या ड्रायव्हरला विचार काय होतं ते. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेचं नाव २०१६ च्या रेल्वे बजेटमध्ये आलं, शंभर-सव्वाशे किलोमीटरचीच लाइन, पण अजून एक रूळ पडलेला नाही. माझं ठाम मत आहे की कोल्हापूरच्या कारखानदारीला या एका लाइननं जेवढा फायदा होईल तेवढा दहा नव्या एमआयडीसींनी होणार नाही. बंदर नुसतं खोल असून भागत नाही, त्याच्या पाठीमागं रस्ता आणि रूळ लागतात. आपल्याकडं सह्याद्रीच्या पलीकडं बंदरं आहेत आणि अलीकडं माल आहे, मधली शिडीच नाही.

एक प्रसंग सांगतो. ऑगस्ट २०१९. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सची हाउसिंग, जर्मनीची ऑर्डर. सगळं पॅक झालेलं, गंज धरू नये म्हणून तेल लावून व्हीसीआयच्या पिशव्या, पॅलेटवर उष्णता दिल्याचा शिक्का, डब्यात आर्द्रता शोषायच्या पिशव्या टांगलेल्या, कारण समुद्रावर दिवसा तापून रात्री गार झाला की डब्याला आतनं घाम सुटतो. दार लावलं, बॉटल सील मारलं, नंबर दोनदा वाचून कागदावर लिहिला. आणि पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं. कित्येक दिवस गाड्या हलल्या नाहीत, गोकुळ शिरगाव ते कागल नुसती ट्रकांची रांग, ड्रायव्हर लोकांना आम्ही कॅन्टीनमधनं भाकरी नेऊन देत होतो. प्रत्येक जहाजाची एक कट-ऑफ वेळ असते, त्याच्या आत डबा बंदराच्या गेटातनं आत गेला पाहिजे. आमचा गेला नाही. जहाज कुणासाठी थांबत नाही, ते गेलं, पुढचं आठवड्यानं. तिकडं त्यांची लाइन बंद पडायची वेळ आली म्हणून पाणी ओसरल्यावर दोन पॅलेट उतरवून विमानानं पाठवले आणि त्या ऑर्डरचा नफा त्या दोन पॅलेटांतच गेला. कुणाची चूक नव्हती. पण बंदर पहिल्या दिवसापासून चालू होतं, बंद पडला होता तो आपला रस्ता.

सध्या करण्यासारखं म्हणशील तर दोन-तीन कारखान्यांनी मिळून डबे बुक करा. ज्यांचा स्क्रॅप किंवा मशिनरी बाहेरनं येते त्यांच्याशी बोलून तोच डबा रिकामा झाला की परतीला भरा, शिपिंग लाइनची परवानगी लागते पण मिळते. आम्ही हे केलंय, भाड्यात चांगला फरक पडतो.

२०२२ ला सूर्यफूल तेलाचा डबा एवढा महाग झाला होता, दुकानदार म्हणायचा युद्ध. युद्ध तिकडं, तेल इकडं, मग कसं काय? — एक गृहिणी, राजारामपुरी

वहिनी, दुकानदार बरोबर होता. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरनं येतं आणि सूर्यफुलाचं तर बहुतेक युक्रेन-रशियाकडचंच असायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि काळ्या समुद्रावरची ओडेसासारखी बंदरं बंद झाली. तेल तिथं होतं, टाक्या भरलेल्या होत्या, धान्याची गोदामं भरलेली होती, पण जहाज लागायला जागा नाही. त्यात एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पाम तेलाची निर्यात तीनेक आठवडे बंद केली, म्हणजे एक दार बंद असताना दुसरंही लावलं. जुलैमध्ये इस्तंबूलला करार झाला आणि १ ऑगस्टला ओडेसाहून पहिलं धान्याचं जहाज निघालं.

शाळेत मुलांना कोल्हापूरचा आणि समुद्राचा संबंध सांगायचा आहे. काही जुनं उदाहरण आहे का? — एक शिक्षिका, पन्हाळा

मॅडम, मुलांना घेऊन टाउन हॉल म्युझियमला जा. तिथं पोसायडनची एक छोटी ब्राँझची मूर्ती आहे. पोसायडन म्हणजे ग्रीक लोकांचा समुद्रदेव. ती सापडली कुठं, तर आपल्या पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, १९४० च्या दशकात, सातवाहन काळातल्या वस्तीत, आणि तिच्यासोबत रोमन धाटणीच्या आणखी ब्राँझच्या वस्तू. म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडनं निघालेली वस्तू जहाजानं कोकण किनाऱ्याला लागली असणार आणि घाट चढून इथं आली. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा अर्धा तास तिथंच उभा होतो.

दुसरं उदाहरण तुमच्या गावचंच. १६६० ला सिद्दी जौहरनं पन्हाळा वेढला तेव्हा राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी तोफा आणून गडावर डागल्या. महाराजांनी १६६१ ला राजापुरावर जाऊन ती वखार लुटली. बंदर ज्याच्या हातात त्याच्याकडं दारूगोळा येतो हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं, आरमार उगाच नाही उभारलं. त्याच राजापूरला आज मोठं जहाज जाऊ शकत नाही, खाडी गाळानं भरत गेली. बंदर असं हळूहळू मरतं. इकडं १८९१ ला कोल्हापूरची रेल्वे मिरजेला जोडली, १८९५ ला शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि आपला गूळ रुळावरनं लांब लांब जायला लागला.

सिंगापूरकडं ना शेती ना खाणी, तरी एवढं श्रीमंत कसं? नुसत्या बंदरावर देश चालतो? आणि आपला माल कोलंबोला का जातो? — एमपीएससी करणारा विद्यार्थी, गारगोटी

नुसत्या नाही, पण सुरुवात तिथनं झाली. २०२४ मध्ये सिंगापूरला चार कोटींच्या वर डबे हाताळले गेले आणि त्यातले बहुतेक सिंगापूरचे नव्हतेच. एका जहाजातनं उतरवायचे आणि दुसऱ्यात चढवायचे, आपल्याकडं मिरज जंक्शनला गाडी बदलतात तसं. त्यामागनं जहाजाचं इंधन, दुरुस्ती, विमा, बँका, वकील सगळे येतात. शांघाय त्याहून मोठं, त्याच वर्षी पाच कोटींच्या वर गेलं, पण तिथं पाठीमागं चीनचे कारखाने आहेत.

कोलंबोचं कारण साधं आहे. सगळ्यात मोठी जहाजं सुएझ ते सिंगापूर या सरळ वाटेवरनं जातात, कोलंबो त्या वाटेला लागून आणि खोल. आपल्याकडं तेवढं खोल आणि तेवढं वाटेवरचं बंदर नव्हतं, म्हणून डबा आधी छोट्या जहाजानं कोलंबोला आणि तिथनं पुढं, त्याचा खर्च आणि दिवस आपल्या अंगावर. आता केरळात विझिंजम झालंय, जुलै २०२४ ला पहिलं मोठं कंटेनर जहाज लागलं, मे २०२५ ला उद्घाटन झालं. आणि परीक्षेत जमिनीनं वेढलेले देश आले तर इथिओपिया विसरू नको. १९९३ ला एरिट्रिया वेगळा झाला आणि एवढ्या मोठ्या देशाचा किनाराच गेला, आता जवळजवळ सगळा माल जिबूती या छोट्या शेजाऱ्याच्या बंदरातनं, आणि तिथं पैसे भरून.

वाढवण बंदर झालं की आमच्यासारख्या छोट्या निर्यातदारांचं भलं होईल का? — एक वाचक, इचलकरंजी

थोडं होईल, सरळ नाही. वाढवण पालघर जिल्ह्यात, म्हणजे तुमच्या कापडाला न्हावा शेवापेक्षा लांब. केंद्रानं जून २०२४ ला मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटी. तिथं पाणी नैसर्गिकच खोल असल्यानं सगळ्यात मोठी जहाजं थेट लागतील, न्हावा शेवावरची गर्दी कमी होईल, आणि जागा जास्त झाली की भाडं खाली यायला मदत होते. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळं २०२३ च्या शेवटापासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली तेव्हा युरोपचा माल दहा-चौदा दिवस उशिरा पोचायचा आणि तेवढे दिवस तुमचे पैसे पाण्यावर तरंगायचे, ते काही वाढवणनं थांबणार नाही.

पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. तिथले मच्छीमार कित्येक वर्षं विरोध करतायत, त्यांचं सगळं जगणं त्या पाण्यावर आहे. न्हावा शेवासाठी उरणकडच्या ज्या लोकांच्या जमिनी गेल्या त्यांना गेलेल्या जमिनीच्या बदल्यात तिच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मिळावी म्हणून पिढी जाईपर्यंत भांडावं लागलं. आपला डबा ज्या धक्क्यावरनं जातो तो कुणाच्या तरी शेतावर नाहीतर मासेमारीच्या जागेवर उभा असतो. त्यांना आधी द्या आणि मग बांधा, माझं एवढंच म्हणणं आहे.

बी.कॉम. झालंय. या क्षेत्रात काम मिळेल का, मुंबईलाच जावं लागेल का? — एक वाचक, गडहिंग्लज

मिळेल की, आणि सुरुवात इथंच कर. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत निर्यात करणाऱ्या कंपन्यांना डॉक्युमेंटेशनला माणूस लागतोच. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद), बिल ऑफ लेडिंग (माल घेतल्याची जहाज कंपनीची पावती) या चार कागदांवर हात बसला पाहिजे, एचएस कोड (कुठला माल ते सांगणारा कस्टम्सचा आकडा) आणि एफओबी-सीआयएफ (जहाजावर चढवेपर्यंतची किंमत आणि विमा-भाडं धरून पोचेपर्यंतची किंमत) मधला फरक झोपेत विचारला तरी सांगता आला पाहिजे. कोर्सवर पैसे घालायच्या आधी वर्षभर कमी पगारावर का होईना डिस्पॅचला उभा राहा, डबा भरताना आत जाऊन बघ, सील नंबर स्वतः लिही. पुढं कस्टम्स ब्रोकरकडं कामाला लाग, त्यांची परीक्षा असते ती दे, मग मुंबई काय नि इथं काय. आमच्या डिस्पॅचला आलेला गडहिंग्लजचाच एक पोरगा पहिल्या आठवड्यात रोज विचारायचा की काका, हा डबा आता कुठं असेल? त्याला मी जहाजाचं नाव टाकून नकाशावर कसं बघायचं ते दाखवलं, आणि तो रोज सकाळी चहाच्या आधी येऊन सांगायचा, आज एडनजवळ, आज सुएझमध्ये, आज पोचलं.