३२ ला थांबलास, पण चूक पहिल्या दहात झाली

तुझं म्हणणं मला जे कळलं ते असं – वय ३९, दोन वर्षांत हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) २:०९ तासांवरून २:०१ वर आणलीस, मग टाच धरली त्यात चार महिने गेले, मग जानेवारीत मुंबईला पहिली फुल मॅरेथॉन (४२ किलोमीटर), सब-फोर म्हणजे चार तासांच्या आत असं डोक्यात धरून पळालास, अर्धं अंतर १:५९ ला पार केलंस आणि ३२ किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे येऊन फुटपाथवर बसलास तो उठलाच नाहीस. आता पुढच्या वर्षीचं रजिस्ट्रेशन उघडलंय, बायको म्हणते पुरे झालं आता, आणि पहाटेचा अलार्म तू स्वतःच बंद करून झोपतोयस. तर मोटिव्हेशन आणायचं कुठून?

अरेतुरे करतेय, वयाचा फायदा घेतेय, मी ५४ ची आहे. चाळिशीत पळायला लागले, सहा फुल झाल्या, एक अर्धवट सोडली, आणि दोनदा बिब (छातीवर लावायचा रेसचा नंबर) घरी आणून न पळता कपाटात ठेवलाय.

मोटिव्हेशन राहू दे बाजूला, आधी गणित बघ. सब-फोर म्हणजे पेस किलोमीटरला ५:४१ मिनिटं. तुझी आजवरची बेस्ट हाफ २:०१, म्हणजे ५:४४. म्हणजे ज्या पेसनं तू कधी २१ सुद्धा पळला नव्हतास त्या पेसनं ४२ काढायला निघालास, तेही मुंबईच्या दमट हवेत, तेही टाचेमुळे चार महिने बुडल्यावर! फुलच्या पहिल्या अर्ध्यातच तू हाफचा पीबी (आजवरचं बेस्ट टायमिंग) मारलास बाबा, हे तुझ्या लक्षात तरी आलं का? आमच्याकडे साधा हिशेब असतो, हाफच्या टायमिंगची दुप्पट कर आणि वर पंधरा-वीस मिनिटं घाल, पहिलीच फुल असेल तर अजून थोडी. तुझं येतं ४:२० च्या आसपास, म्हणजे ६:१० चा पेस. तू किलोमीटरमागे अर्धा मिनिट उधारीवर पळत होतास.

आणि ही उधारी तिसाव्या किलोमीटरनंतरच वसूल होते कारण शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचं इंधन, साधारण तेवढंच पुरतं, आणि जितकं फास्ट पळशील तितकं ते लवकर जळतं. गोळे आले की सगळे मीठ कमी पडलं म्हणतात, काहींच्या बाबतीत असेलही, पण माझ्या पाहण्यात तरी बहुतेकांना गोळे येतात ते सवयीपेक्षा जास्त वेगानं जास्त वेळ पळल्यामुळे. त्यामुळे ‘माझ्यात दमच नाही’ वगैरे जे तू लिहिलंयस ते खोडून टाक. दम होता, खर्च चुकीच्या ठिकाणी केलास.

पॅरिस ऑलिंपिकची मॅरेथॉन आठव, २०२४ ची. केनियाच्या किपचोगेनं तिसाव्या किलोमीटरच्या आसपास रेस सोडली, बूट-मोजे लोकांना वाटून टाकले आणि गाडीत बसून गेला. दोनदाचा ऑलिंपिक चॅम्पियन, आणि तोही तेव्हा ३९ चाच. पुढच्या एप्रिलमध्ये लंडनला पळाला, सहावा आला. तो किपचोगे आहे आणि आपण ऑफिसला जाणारी माणसं, तुलना नाहीच, पण मधे आठ महिने गेले हे बघ. दुसऱ्या आठवड्यात हिशेब चुकता करायला नाही गेला.

हे मी सांगतेय कारण मी तेच केलं होतं. माझी फुल २९ ला सुटली, घरी येऊन रडले आणि त्याच रात्री सहा आठवड्यांनंतरची दुसरी फुल बुक केली. ग्रुपमध्ये सगळ्यांनी अंगठे दिले, वाघीण वगैरे. ती रेस झालीच नाही. तुझ्यासारखीच टाच, प्लांटर फॅशिआयटिस (टाचेखालच्या पट्ट्याचं दुखणं), सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की खिळ्यावर पाय पडल्यासारखं, चार पावलं चाललं की कमी, म्हणून वाटायचं बरं झालंय, पुन्हा पळायचं, पुन्हा सकाळी खिळा. असे आठ महिने घालवले. शेवटी फिजिओनं पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करायला लावल्या, हळूहळू, पाठीवर सॅक घेऊन, त्यानं फरक पडला. बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवायची ती मी अजून फिरवते, बरं वाटतं, पण खरं काम पोटरीच्या ताकदीनं झालं.

त्यातून उठले तर वेगच येईना. किलोमीटरला चाळीस सेकंद स्लो, चढावर धाप, दुपारी ऑफिसात पेंग. मला वाटलं मन उडालं पळण्यातून, वय झालं. मोटिव्हेशनल व्हिडिओ बघत बसायचे (हसू नकोस). मैत्रिणीनं जबरदस्तीनं रक्त तपासायला लावलं, हिमोग्लोबिन ९.२ आणि फेरिटिन (लोहाचा साठा) ८, दोन्ही फार कमी! पाळी जायच्या वयात रक्तस्राव वाढला होता आणि मी ते ‘असतंच’ म्हणून सोडून दिलेलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, चार महिन्यांनी त्याच टेकडीवर मी गप्पा मारत चढत होते. म्हणून तुलाही सांगते, अलार्म बंद करून झोपतोस त्याला लगेच आळस म्हणू नकोस, एकदा सीबीसी, फेरिटिन, बी १२, डी तपासून घे. गोळ्या मनानं चालू करू नकोस, विशेषतः पुरुषांनी लोह उगाच घ्यायचं नसतं.

आता मन. त्या बंद पडलेल्या वर्षात आमच्या ग्रुपनं पुण्यातल्या एका रेसला पाण्याचं टेबल लावलं होतं, मला पळता येत नव्हतं म्हणून मी संत्री सोलायला. जायचं नव्हतं खरं तर, दुसऱ्यांना पळताना बघून पोटात कालवतं ना. फुलच्या रूटवर तिसाव्या किलोमीटरच्या पुढे उभे होतो. पुढचे लोक आले ते कप हिसकावून गेले, त्यांच्याकडे बघायला काही नसतं. मजा नंतर. साडेपाच-सहा तासांवाले येतात ना, त्यांना घाई नसते, ते थांबतात, फोडीवर मीठ लावून मागतात, स्प्रे कुठाय विचारतात, ‘ताई अजून किती’ म्हणतात आणि आपण खोटं सांगितलं तरी चालतं त्यांना. एक गृहस्थ, सत्तरीचे असतील, गुडघ्याला पट्टा, त्यांनी दोन फोडी खाल्ल्या आणि तिसरी रुमालात बांधून घेतली, म्हणाले पुढचं टेबल उचललेलं असतं माझी वेळ होईस्तोवर. दरवर्षीचा अनुभव असणार! मी त्या दिवशी सात तास उभी होते आणि एकदाही घड्याळ बघितलं नाही. घरी येताना कळलं की वर्षभर मी जे मिस करत होते ते टायमिंग नव्हतंच, पहाटे चारला पिना लावून बिब ठीक करणं, स्टार्टला अनोळखी माणसाशी बडबड, हे होतं.

तुझं तेच असेल असं नाही. काही लोकांना खरंच घड्याळच लागतं, आणि काहींना पळायला आवडतं पण रेस नको असते, त्यांनी खुशाल रेस सोडावी, त्यात काही गेलं नाही. पण तुझं कुठलं हे रजिस्ट्रेशनच्या पानावर बसून कळणार नाही. एकदा टेबलवर उभा राहा.

मग परतायचं झालं तर फुल नको. मी साताऱ्याला परतले, हिल हाफला. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा, पावसाचं धुकं, तिथलं टायमिंग सपाट रस्त्याच्या टायमिंगशी लावताच येत नाही, म्हणून आधीची मी आणि आताची मी असं भांडण झालंच नाही. २:५२ लागले. चढावर सरळ चालले, बऱ्याच लोकांनी मला चालताना मागं टाकलं आणि उतारावर मी कोणालाच गाठलं नाही. तुला सातारा नाही तर कुठलीही ट्रेल बघ, किंवा साधी १० के, किंवा एखाद्या हाफमध्ये २:१५ च्या ‘बस’मध्ये (ठरलेल्या वेगानं एकत्र पळणाऱ्या ग्रुपमध्ये) मागं बसून जा. फुल पुढच्या जानेवारीत करायची का ते ऑक्टोबरात ठरव, तोपर्यंत दोन-तीन तीस किलोमीटरच्या लाँग रन बिनदुखता झाल्या तर. आणि पेस ६:१० ते ६:२०, मुंबईत परतीच्या पेडर रोडच्या चढापर्यंत त्याहून एक सेकंदही फास्ट नाही.

बायकोचं म्हणतोस तर माझ्या नवऱ्यानंही हेच म्हटलं होतं. नंतर कळलं त्याला पळण्याचा त्रास नव्हता, अनोळखी नंबरवरून ‘तुमची मिसेस इथे बसलीय’ असा फोन येतो त्याचा होता. तुझ्या घरी तो फोन गेला होता का? गेला असेल तर आधी तिच्याशी त्या दिवसाबद्दल बोल, रजिस्ट्रेशनबद्दल नंतर.

पहिल्या दहा किलोमीटरचे स्प्लिट (दर किलोमीटरची वेळ) टाक, मला वाटतं त्यात ५:३० पण सापडतील. आणि टाच सकाळी पहिल्या पावलाला अजून बोलते का तेही लिही, त्यावर बाकीचं ठरेल.